आईचे दोन गुडघे, दोन वेगळ्या रात्री : ऑपरेशननंतरच्या नर्व्ह ब्लॉकचा आमचा अनुभव (नाशिक)

आईचा उजवा गुडघा २०१९ च्या डिसेंबरमध्ये बदलला आणि डावा २०२५ च्या जानेवारीत. दोन्ही ऑपरेशनं नाशिकमध्येच झाली पण हॉस्पिटलं वेगळी, आणि दोन्ही वेळेला रात्री आईजवळ मीच होते. म्हणून लिहितेय, कारण एकाच बाईचे दोन गुडघे, एक ब्लॉक (दुखणं नेणारी नस काही तास बधिर करणारं इंजेक्शन) न देता आणि एक ब्लॉक देऊन, अशी तुलना सहसा कोणाला करायला मिळत नाही. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही, त्याचं कारण पुढे वाचलंत की कळेल, एका रात्रीचा घोळ सोडला तर माणसं चांगली होती.

पहिल्या वेळचं आधी सांगते. तेव्हा फक्त कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल. ऑपरेशन मस्त झालं, आई गप्पा मारत बाहेर आली, आम्हाला वाटलं एवढंच असतं होय. तीन चार तासांनी स्पायनल उतरली आणि जे सुरू झालं ते मला अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. आई तशी सोसणारी बाई आहे, दात काढताना सुद्धा हूं की चूं करत नाही, ती पलंगाच्या कठड्याला धरून रडत होती. ट्रामाडॉलचं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात उलट्या, उलटीचं औषध दिलं की झोप, झोपेतून जाग आली की परत ठणका. दुसऱ्या दिवशी फिजिओवाल्या ताई आल्या तर आईने त्यांना पायाला हातच लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशीपर्यंत गुडघा जेमतेम चाळीस पन्नास डिग्री वाकत होता. आणि घरी आल्यावर तिने जाहीर करून टाकलं, डावा पाय तसाच राहू दे, मी लंगडत जाईन पण परत त्या टेबलावर जाणार नाही.

आणि खरंच पाच वर्षं लंगडली. मध्ये कोविड आला त्यामुळे विषय मागेच पडला. पंचवटीत राहून काळारामाच्या देवळात जाणं बंद झालं, वणीला जायचं तर ट्रॉली आहे म्हणून जायची पण ट्रॉलीतून उतरल्यावरच्या पायऱ्यांनाही दोन जण धरायला लागायचे. डावा गुडघा आतल्या बाजूने पार घासला होता, पाय धनुष्यासारखा वाकला होता, आणि उजव्यावर सगळा भार. शेवटी ज्या सर्जनना दाखवलं त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुम्हाला ऑपरेशनची भीती आहे की नंतरच्या दुखण्याची?" आई म्हणाली दुखण्याची. ते म्हणाले मग तुम्ही आधी आमच्या भूलतज्ज्ञांना भेटा, मग ठरवू. मला हे फार आवडलं. आमच्याकडे भूल देणारे डॉक्टर म्हणजे ऑपरेशनच्या सकाळी मास्क लावलेला चेहरा दिसतो तेवढाच, इथे आठ दिवस आधी अर्धा तास बसून बोलले.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पाय काढून दाखवला. गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूचं दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा मांडीतून एका बोगद्यासारख्या जागेतून खाली येतात, त्या जागेला ॲडक्टर कॅनाल म्हणतात. सोनोग्राफीच्या मशीनवर ती नस आणि तिच्याशेजारची रक्तवाहिनी बघत बघत सुई नेऊन तिथे औषध सोडायचं, म्हणजे नस काही तासांसाठी झोपते. औषध दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत देतात त्याच घराण्यातलं, फक्त जास्त वेळ टिकणारं, आईला दिलं त्याचं नाव रोपिवाकेन. याआधी जांघेत फिमोरल नसेला ब्लॉक द्यायचे, त्याने दुखणं थांबायचं पण मांडीचा पुढचा मोठा स्नायूही ढिला पडायचा, पेशंट उभा राहिला की गुडघा फसकन दुमडायचा आणि माणूस पडायचा. ॲडक्टर कॅनालमध्ये खाली दिलं की स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते आणि त्याच दिवशी उभं करता येतं, सगळी गंमत त्यात आहे.

पण गुडघ्याची मागची बाजू त्यात येत नाही. तिथल्या नसा वेगळ्या, मांडीच्या मागून येणाऱ्या. त्यासाठी आयपॅक नावाचा दुसरा ब्लॉक, गुडघ्यामागची धमनी आणि सांध्याची पिशवी यांच्यामध्ये औषध पसरवायचं. मी विचारलं की मग मागची मोठी सायटिक नसच का नाही बधिर करत, तर म्हणाले तसं केलं तर पाऊल लुळं पडतं, मग संध्याकाळी सर्जनला कळणार कसं की पाऊल ब्लॉकमुळे हलत नाहीये की ऑपरेशनमध्ये नसेला काही झालंय. हे इतकं सरळ समजावून सांगितलं की आईसुद्धा मान डोलवत होती.

तिसरी गोष्ट सर्जन स्वतः करतात, टाके घालायच्या आधी गुडघ्याच्या आतल्या सगळ्या थरांमध्ये औषध टोचून भरतात, त्याला इथे सगळे कॉकटेलच म्हणतात. ही पद्धत सिडनीच्या केर आणि कोहान या दोन डॉक्टरांनी बसवली आणि २००८ मध्ये ती छापून आली, असं सर्जननी सांगितलं. त्यांच्या मूळ मिश्रणात रोपिवाकेन, केटोरोलॅक (सूज आणि दुखणं कमी करणारं औषध, किडनीवर ताण आणणारं) आणि ॲड्रिनलिन होतं. आईच्या कॉकटेलमधून केटोरोलॅक काढून टाकलं, कारण तिला डायबेटिस आणि बीपी दोन्ही, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट, १.४ आलेलं. त्याच कारणाने नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्याही बाद. ट्रामाडॉलने उलट्या होतात हे मागच्या वेळचं माहिती होतं. म्हणजे तिच्यासाठी पॅरासिटामॉल सोडलं तर फारसं काही उरतच नव्हतं, तेव्हा मला कळलं की हिच्यासारख्या पेशंटला ब्लॉक म्हणजे वरची चैन नाही, तोच मुख्य आधार आहे. ज्यांच्या घरच्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी ही गोष्ट स्वतःहून सांगा, फाईलमध्ये रिपोर्ट आहे म्हणजे सगळ्यांनी वाचलाय असं धरून चालू नका.

धोका काय तेही विचारलं. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर कानात गुणगुणतं, तोंडात धातूसारखी चव येते, ओठांभोवती मुंग्या येतात, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर झटका किंवा हृदयाचा त्रास. म्हणून औषध थांबवून थांबवून सोडतात, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून बघतात रक्त येतंय का, आणि सर्जनच्या कॉकटेलमधलं आणि ब्लॉकमधलं दोन्ही मिळून एकूण डोस वजनाप्रमाणे मोजतात, दोघांनी आपापलं वेगळं मोजून चालत नाही. यावर उतारा म्हणून २० टक्क्यांचं फॅटचं सलाईन असतं, लिपिड इमल्शन, ते ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवलेलं असतं का असं मी विचारलं तर त्यांनी नुसतं हो म्हटलं नाही, ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरना सांगून मला बाटली दाखवली. आई रक्त पातळ करायची गोळी घेते का हेही दोनदा विचारलं, कमरेतल्या इंजेक्शनच्या आधी ती कधी बंद करायची हे औषधानुसार ठरतं म्हणून.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी दहाला, बाराच्या सुमारास संपलं, तिथेच दोन्ही ब्लॉक दिले. तीनला स्पायनल उतरली. मी घड्याळाकडे बघत बसले होते, मागच्या वेळची ती वेळ जवळ येत होती आणि माझेच हात गार पडले होते. साडेतीन, चार, आई म्हणते चहा मिळेल का. मी म्हटलं दुखतंय का, म्हणाली जड वाटतंय, घट्ट बांधल्यासारखं, दुखत नाही. सर्जन आले, पाऊल वर खाली करायला लावलं, केलं. साडेपाचला फिजिओवाले दादा आणि एक सिस्टर, दोघांनी मिळून तिला वॉकर धरून उभं केलं, चार पावलं टाकली. त्याच दिवशी! मी व्हिडिओ काढला आणि पुण्याला दादाला पाठवला, त्याचा विश्वासच बसेना की ही आजची आई आहे.

आता घोळाचं सांगते, ज्यासाठी खरं तर एवढं सगळं लिहायला बसले.

रात्री नऊला पॅरासिटामॉलची सलाईन बाटली लावायची होती. सिस्टर आल्या, विचारलं आजी दुखतंय का, आई म्हणाली अजिबात नाही. मग म्हणाल्या दुखत नाहीये तर कशाला उगाच, लागली तर सांगा. मलाही ते पटलं, मी हो म्हणाले. आणि याच आनंदात आईने साडेनऊला मी पाण्याची बाटली भरायला गेले तेवढ्यात एकटीनेच पाय खाली सोडले, बाथरूमला जायला. शेजारच्या बेडवरच्या काकूंनी ओरडून थांबवलं म्हणून बरं. ब्लॉकमध्ये स्नायू शाबूत राहतो म्हणजे पूर्ण शाबूत राहतोच असं नाही, आणि पायाचा अंदाजही नीट लागत नसतो. दुखत नसलं तरी वॉकर आणि एक माणूस हवंच, हे पेशंटच्या कानीकपाळी ओरडून सांगा.

मग अडीचला आईने हाक मारली. आवाजावरूनच कळलं. बारा साडेबाराला दिलेला ब्लॉक, चौदा तास झाले होते. ब्लॉक कधी उतरेल हे माणसागणिक बदलतं, बारा तास ते चोवीस तास कुठेही, पण उतरतो तेव्हा बऱ्याच जणांना हळूहळू दुखत नाही, एकदम कळ येते, आधी काहीच नव्हतं त्यामुळे ती आणखीच मोठी वाटते. आणि आईच्या अंगात तेव्हा दुसरं एकही औषध नव्हतं कारण नऊची बाटली आम्ही दोघींनी मिळून टाळली होती. मी सिस्टरकडे धावले. त्या म्हणाल्या नऊचा डोस राहिलाय पण आता वेळ निघून गेली, ड्युटी डॉक्टरना विचारल्याशिवाय लावता येणार नाही. ड्युटी डॉक्टर खाली इमर्जन्सीत, ॲक्सिडेंटची केस आलेली. फोन केला, येतो म्हणाले. तीन वाजले, साडेतीन वाजले. जानेवारीतली नाशिकची थंडी, खिडकीच्या फटीतून वारा येतोय आणि आईच्या कपाळावर घाम. ती रडली नाही यावेळी, नुसती माझा हात दाबून धरून होती आणि म्हणाली, "म्हटलं होतं ना मी, परत नको म्हणून." त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशाने लागलं नाही. पाच वर्षांनी तिने विश्वास ठेवला होता.

चारला डॉक्टर आले, बाटली लावली, सोबत ट्रामाडॉलचा छोटा डोस, पण आधी उलटीचं इंजेक्शन देऊन. सव्वाचार साडेचारला ती झोपली. म्हणजे पावणेदोन दोन तास. पहिल्या वेळच्या तीन दिवसांपुढे ते काहीच नाही हे मला मान्य आहे, पण ते पूर्णपणे टाळता आलं असतं, एका शंभर मिलीच्या बाटलीने, जी कपाटात पडून होती.

सकाळी भूलतज्ज्ञ राऊंडला आले तेव्हा मी सगळं सांगितलं, आवाज चढला असेल माझा. त्यांनी फाईल उघडली, बघितली आणि सरळ म्हणाले ही आमची चूक आहे, ऑर्डरमध्ये वेळ लिहिली होती पण दुखत नसलं तरी द्यायचीच असं लिहायला हवं होतं. तिथेच बसून फाईल बदलली, दर सहा तासांनी घड्याळ लावून पॅरासिटामॉल, मधल्या वेळी कळ आली तर काय द्यायचं ते नाव आणि डोससकट, आणि डॉक्टरला न विचारता सिस्टर देऊ शकतात असं. दुपारी येऊन परत एक ब्लॉक देऊ का विचारलं, पण तोपर्यंत आईचं बरंच आटोक्यात आलं होतं म्हणून नको म्हटलं. काही ठिकाणी मांडीत बारीक नळी ठेवून दोन तीन दिवस पंपाने थेंब थेंब औषध सोडत राहतात, ती सोय त्यांच्याकडे होती पण डायबेटिसमध्ये नळीच्या जागी इन्फेक्शनचा विचार करून आईला आधीच नको म्हणाले होते. मला वाटतं दोन्ही गुडघे एकदम करणाऱ्यांनी तरी नळीबद्दल नक्की विचारावं.

आणखी एक, ब्लॉक जास्त वेळ टिकावा म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड थोडं दिलं होतं, आम्हाला विचारून. त्याने दुसऱ्या दिवशी शुगर २६० पर्यंत गेली, दोन दिवस इन्सुलिन द्यावं लागलं, मग खाली आली. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. शुगरवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी आई पॅसेजमध्ये चालली. तिसऱ्या दिवशी गुडघा ८० डिग्री, चौथ्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी ९० ला टेकला. पहिल्या गुडघ्याला ९० यायला पाच आठवडे गेले होते, फिजिओच्या ताई रोज घरी येऊन सुद्धा. मला यातलं सगळं श्रेय ब्लॉकला द्यायचं नाही, सर्जन वेगळे, पद्धत वेगळी, आईची मनाची तयारी वेगळी. पण पहिले दोन दिवस दुखणं कमी असलं की माणूस पाय हलवतो, हलवला की आखडत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घरी आल्यावरची परिस्थिती मात्र कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ब्लॉकचा संबंध पहिल्या एक दिवसापुरता. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा ठणका येतोच, तिथे घड्याळाप्रमाणे पॅरासिटामॉल, टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा वीस मिनिटं बर्फ, आणि व्यायामाच्या अर्धा पाऊण तास आधी गोळी, एवढंच कामाला आलं. शेजारच्या काकांना त्यांच्या सर्जननी दंडावर सात दिवसांचा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच, म्हणजे दुखण्यावरच्या औषधाची चिकटपट्टी, लावला होता, त्यांना गरगरायला लागलं म्हणून काढावा लागला, तेव्हा तो लावणार असतील तर त्याबद्दलही आधी बोला. आणि आईच्या जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा अजून बधिर आहे. तिला वाटलं ब्लॉकने नस गेली. पण सर्जन म्हणाले कातडीला चीर देताना तिथली बारीक नस कापली जातेच, बहुतेकांना असं होतं, काही महिन्यांत जागा लहान होत जाते, थोडी कायम राहू शकते. मग उजव्या गुडघ्याला हात लावून बघितलं तर तिथेही होतीच की, इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

पैशाचं थोडक्यात. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे हे बऱ्याच जणांना माहिती असतं आणि सगळे तेवढंच विचारतात. भूलतज्ज्ञांची फी, ब्लॉकची सुई, सोनोग्राफीचा चार्ज या ओळी त्यात येत नाहीत. आम्हाला एस्टिमेटमध्ये ब्लॉक वेगळा दाखवला नव्हता, फायनल बिलात दिसला, आणि टीपीएवाल्यांनी (विम्याचा क्लेम बघणाऱ्या कंपनीने) त्यातलं डिस्पोजेबलचं काढून टाकलं ते खिशातून गेलं. रक्कम फार नव्हती आणि मी दुप्पटही दिली असती, पण आधी सांगा ना. पॅकेजमध्ये ब्लॉक धरलाय का हे ॲडमिट व्हायच्या आधी लेखी घ्या.

स्टार द्यायचे तर ब्लॉकला पाचपैकी पाच, भूलतज्ज्ञांनी वेळ देऊन समजावलं आणि चूक कबूल केली त्याला पाच, रात्रीच्या वॉर्डला दोन. एकूण चार देतेय. पंधरा दिवसांनी टाके बघायला गेलो तेव्हा सिस्टरच्या टेबलावर भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसला, ब्लॉकच्या पेशंटला दुखणं नसलं तरी रात्रीचा डोस चुकवू नये, पेनने लिहिलेला. म्हणून नाव टाकायचं नाही ठरवलं.

आई आता काठी न घेता देवळात जाऊन येते. पुढच्या महिन्यात सिन्नरच्या मावशीचा गुडघा करायचाय, वेगळ्या हॉस्पिटलमध्ये. परवा फोनवर आई तिला सांगत होती, "अगं ते मांडीतलं इंजेक्शन घेच तू, घाबरू नकोस, काही कळत नाही. पण रात्री बाटली किती वाजता लावणार ते आधी विचारून ठेव, आणि दुखत नसलं तरी लावून घे. आणि एकटी उठू नकोस."